हिवतापावरचे औषध कोणी ठरवायचे?

हिवतापाच्या रुग्णाला पहिली गोळी कोणती द्यायची, हे त्याच्या खाटेपाशी ठरत नाही. ते देशाच्या राजधानीत, आरोग्य मंत्रालयाच्या एखाद्या समितीत, कित्येकदा तो रुग्ण आजारी पडण्याच्या पाच-सात वर्षे आधीच ठरलेले असते. खेड्यातल्या आरोग्यसेविकेच्या पेटीत जी गोळी असेल तीच ती देणार, आणि पेटीत काय असावे हे राष्ट्रीय उपचार धोरण सांगते. साध्या फाल्सिपेरम हिवतापावरचे पहिल्या पसंतीचे औषध, ते लागू न पडल्यास द्यायचे दुसरे औषध, गंभीर रुग्णासाठीचे इंजेक्शन, व्हायव्हॅक्सच्या यकृतात दडून राहिलेल्या परजीवीवरचे औषध, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्यासाठीचे वेगळे नियम, हे सारे त्या धोरणात येते. २०२३ साली जगात हिवतापाचे अंदाजे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले होते, आणि आफ्रिकेतल्या मृतांपैकी दर चारांतली तीन पाच वर्षांखालची मुले होती. पेटीतली गोळी बरोबर असण्याला किती किंमत आहे, ते या आकड्यांवरून कळते.

रक्तदाबाची गोळी आज जितकी गुणकारी आहे तितकीच ती वीस वर्षांनीही राहील. हिवतापाच्या औषधांचे तसे नाही. परजीवीच्या असंख्य पिढ्यांमधून कधीतरी असा एखादा निपजतो की तो औषधाला दाद देत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो आणि डासाच्या पोटातून पुढच्या माणसात जातो. ज्या औषधाचा वापर सर्वांत जास्त, त्याच्या वाट्याला असे परजीवी सर्वांत आधी येतात. त्यामुळे चांगले धोरणही आपल्याच औषधाचे आयुष्य हळूहळू संपवत असते, आणि ते कधी बदलायचे हा प्रश्न प्रत्येक देशापुढे पुन्हा पुन्हा उभा राहतो. या कामी देशांना बाहेरून मदत मिळते: जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे, ग्लोबल फंडाचा पैसा, विद्यापीठांतले संशोधक, स्वयंसेवी वैद्यकीय संस्था. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर औषधाचे नाव सुचवणे हा या मदतीचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा भाग ठरतो. देशाकडे स्वतःच्या रुग्णांवर घेतलेली ताजी मोजमापे असतील, ती वाचून बोलणारी स्वतःची माणसे असतील आणि निर्णय अमलात आणण्यापुरता पैसा खात्रीने येणार असेल, तर योग्य औषध देशाला स्वतःच सापडते. यांतले एक जरी नसले तरी उत्तम सल्ला फायलीत पडून राहतो.

क्लोरोक्विनच्या बाबतीत नेमके हेच झाले. १९३४ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हे औषध दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरले. ते तीन दिवसांत संपणारे, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना चालणारे होते, आणि प्रौढ माणसाचा पूर्ण उपचार दहा अमेरिकी सेंटच्या आसपास होत असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात त्याला दाद न देणारे परजीवी आढळले. भारतात ते १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात दिसले, तर पूर्व आफ्रिकेत १९७८ च्या सुमारास. पुढच्या दशकभरात ते आफ्रिका खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्याला पोहोचले. एवढे होऊनही बहुतेक आफ्रिकी देशांत २००० साल उजाडले तरी पेटीत क्लोरोक्विनच होते.

या दिरंगाईचे खापर नुसते सरकारी आळसावर फोडणे चुकीचे ठरेल. क्लोरोक्विन एका रात्रीत निकामी होत नाही. गोळ्या दिल्यावर ताप उतरतो, मूल खेळू लागते, आई समाधानाने घरी जाते. रक्तातले परजीवी कमी झालेले असतात, संपलेले नसतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो तेव्हा ते नवे दुखणे समजून पुन्हा त्याच गोळ्या दिल्या जातात. दवाखान्याच्या नोंदवहीत दोन वेगवेगळे रुग्ण ‘बरे’ झालेले असतात. प्रत्यक्षात एकच मूल महिनाभर परजीवी अंगावर वागवत असते, त्याचे रक्त आटत जाते, आणि शेवटी ते दगावते तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘रक्तक्षय’ लिहिले जाते. हे नुकसान दिसायला वर्षानुवर्षे त्याच गावांतल्या प्रत्येक जन्ममृत्यूवर नजर ठेवणारी व्यवस्था लागते. सेनेगलमध्ये तीन ग्रामीण भागांत ती होती. तिथल्या १९८४ ते १९९५ च्या नोंदी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. क्लोरोक्विनचा गुण जाऊ लागल्यावर दहा वर्षांखालच्या मुलांना हिवतापाने मृत्यू येण्याचा धोका या तीन भागांत अनुक्रमे २.१, २.५ आणि ५.५ पट वाढला होता. ज्या देशांत अशी नोंद नव्हती तिथेही मुले मरतच होती, फक्त ती मोजली गेली नाहीत.

या पार्श्वभूमीवर मलावीचा निर्णय उठून दिसतो. १९९३ मध्ये या लहान, गरीब देशाने क्लोरोक्विन पूर्णपणे बाजूला सारून सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, म्हणजे ‘एसपी’, हे पहिल्या पसंतीचे औषध केले. आफ्रिकेत राष्ट्रीय पातळीवर असे करणारा तो पहिला देश. त्याच्या हाती होती ती स्वतःच्या मुलांवरची मोजमापे. त्यांत तापासोबत हिमोग्लोबिनही पाहिले होते: क्लोरोक्विन घेतलेल्या मुलांचा ताप उतरत होता, पण रक्त भरून येत नव्हते. मोजायचे काय, हे बदलताच निर्णय सोपा झाला. ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण बाहेरून आलेला तज्ज्ञ बहुधा अधिक आकडे मागतो, तर गरज कित्येकदा नेमका आकडा निवडण्याची असते.

पुढे जे घडले ते कोणीही भाकीत केलेले नव्हते. क्लोरोक्विनचा वापर देशातून खरोखरच गेला, आणि त्याला दाद न देणारे परजीवीही मागे हटू लागले. क्लोरोक्विन-रोधाची खूण असलेला जनुकीय बदल १९९२ मध्ये ८५ टक्के नमुन्यांत होता. २००० मध्ये तो १३ टक्क्यांवर आला. २००५ मध्ये ब्लांटायर इथे मुलांवर झालेल्या चाचणीत क्लोरोक्विनचा गुण ९९ टक्के निघाला. आणि ज्या औषधाने त्याची जागा घेतली होती त्या एसपीचा? २१ टक्के.

या दोन आकड्यांपैकी पहिला जगभर गाजला. विचार करायला लावतो तो दुसरा. बारा वर्षांपूर्वी सर्वांच्या आधी धाडस दाखवणारा हाच देश, पाचांतल्या एकालाच पुरते बरे करणारे औषध अजून पहिल्या पसंतीचे म्हणून देत होता. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन हे नवे मिश्रण तिथे २००७ मध्ये आले. एकदा योग्य निर्णय घेतला म्हणून पुढचा निर्णय आपोआप वेळेवर होत नाही. १९९३ मध्ये नवे औषध जुन्याइतकेच परवडणारे होते. दशकभराने पुढचे औषध वीसपट महाग होते, आणि तो खर्च देशाच्या आवाक्यात नव्हता. परत आलेले क्लोरोक्विन पुन्हा एकटे वापरावे, असा मोह तेव्हा काहींना झाला. तो टाळला हे बरे झाले. शेजारच्या देशांत रोध कायम होता, आणि एकट्याने दिलेले औषध पुन्हा त्याच वाटेने गेले असते.

औषध निकामी झाले असे कोणत्या आकड्याला म्हणायचे, हा या साऱ्या कामाचा कणा आहे. त्यासाठीची पद्धत ठरलेली आहे. काही निवडक केंद्रांवर रक्ततपासणीने निश्चित झालेल्या रुग्णांना औषध समोर बसवून दिले जाते आणि त्यांचा २८ किंवा ४२ दिवस पाठपुरावा होतो. पहिल्या तीन दिवसांत रोज आणि मग आठवड्यातून एकदा रक्ताची काच तपासली जाते. मधल्या काळात परजीवी पुन्हा दिसला, तर तो जुनाच उफाळला की डासाने नवा दिला, हे परजीवीच्या जनुकांवरून ओळखावे लागते. ज्या भागात महिन्यातून अनेकदा दूषित डास चावतात तिथे हा फरक न केल्यास चांगले औषधही वाईट ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अपयश १० टक्क्यांवर गेले की औषध बदलावे, आणि नव्या औषधाचा गुण ९५ टक्क्यांहून जास्त असावा. त्याआधी ही मर्यादा २५ टक्के होती. चारांतल्या एका मुलावर उपचार वाया जाईपर्यंत थांबायचे, असा त्याचा अर्थ होता, आणि तो बदलला हे योग्यच झाले.

तरीही १० टक्क्यांची रेघ जशी वापरली जाते त्यात एक चूक आहे. आकडा १० वर गेला की विचार सुरू करायचा, असा तिचा अर्थ अनेक कार्यालयांत लावला जातो. केनियाने आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनची निवड एप्रिल २००४ मध्ये जाहीर केली आणि ते सरकारी दवाखान्यांत पोहोचायला २००६ उजाडले. मधल्या काळात निधीची मंजुरी, निविदा, नोंदणी, जहाजाने माल येणे, नव्या मार्गदर्शिका छापणे, हजारो परिचारिकांचे प्रशिक्षण आणि उरलेल्या एसपीचा साठा काढून टाकणे, एवढी कामे होती. जाहीर झालेले धोरण आणि प्रत्यक्ष मिळणारी गोळी यांत दोन वर्षांचे अंतर पडत असेल, तर १० टक्के ही मुक्कामाला पोहोचण्याची शेवटची वेळ आहे. निघायचे त्याच्या कितीतरी आधी. अपयश पाच टक्क्यांवर असतानाच पर्यायी औषधाची चाचणी आणि खर्चाचा अंदाज तयार असला पाहिजे. ज्या कार्यक्रमाला बाहेरून एकच मदत देता येणार असेल, त्याला दर दोन वर्षांनी न चुकता होणारी ही चाचणी द्यावी.

चाचणी वाचतानाही जाण लागते. तीन-चार केंद्रांवरचे शे-दोनशे रुग्ण अख्ख्या देशाबद्दल बोलत असतात. जिथे हिवताप बारमाही आहे तिथल्या प्रौढांची प्रतिकारशक्ती अर्धवट गुणाच्या औषधालाही हात देते, आणि औषध आहे त्याहून चांगले दिसते. म्हणून तिथे लहान मुलांवरच मोजावे लागते. उलट जिथे रोग ओसरत आला आहे तिथे चाचणीपुरते रुग्णच मिळत नाहीत, आणि मग प्रत्येक रुग्णाचाच पाठपुरावा करावा लागतो. नकाशावर एकाच रंगात दाखवलेल्या देशात ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी असू शकतात.

मोजमापे हाती असली की निर्णय किती वेगाने होतो, हे दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांताने दाखवले. हा प्रांत १९८८ पासून एसपी वापरत होता. १९९६ मध्ये डीडीटीची फवारणी थांबली, ॲनोफिलिस फ्युनेस्टस हा डास परतला, आणि २००० मध्ये रुग्णसंख्या ४० हजारांवर गेली. त्याच वर्षीच्या तपासणीत एसपीचे अपयश ६० टक्क्यांहून अधिक निघाले. प्रांताने डीडीटी परत आणले आणि जानेवारी २००१ मध्ये आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन सुरू केले. दोन-तीन वर्षांत दवाखान्यात येणारे रुग्ण आणि मृत्यू दोन्ही ९० टक्क्यांहून अधिक घटले. यातले श्रेय फवारणीला किती आणि औषधाला किती, हे वेगळे काढता येत नाही. मात्र या प्रांताच्या पाठीशी तुलनेने श्रीमंत सरकार होते आणि औषध विकत घेण्यासाठी त्याला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. बाकीच्या आफ्रिकेची अडचण नेमकी तिथेच होती.

आर्टेमिसिनिन हे मूळ चिनी वनस्पतीतून आलेले औषध. १९६७ मध्ये सुरू झालेल्या चिनी प्रकल्पात तू यूयू यांनी ते शोधले आणि त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते परजीवी झपाट्याने मारते, पण अंगातून काही तासांतच निघून जाते. म्हणून सोबत रेंगाळणारे दुसरे औषध द्यायचे, म्हणजे पहिल्यातून निसटलेला परजीवी दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. थायलंडच्या पश्चिम सीमेवर मेफ्लोक्विन एकटे असताना निकामी होत चालले होते. १९९४ पासून त्याला आर्टेसुनेटची जोड दिल्यावर तेच औषध पुढे अनेक वर्षे चालले. या अनुभवावर उभे राहून जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अशी मिश्रणे, म्हणजे एसीटी, वापरण्याची शिफारस केली. शिफारस बरोबर होती. प्रौढाच्या एका उपचाराची किंमत मात्र नफा न घेताही २.४० डॉलर होती.

मग देशांनी काय करावे? जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात काही संशोधकांनी उघड आरोप केला की ग्लोबल फंड अनेक देशांना निकामी झालेल्या क्लोरोक्विन आणि एसपीसाठी पैसा देत आहे आणि जागतिक आरोग्य संघटना तो देऊ देत आहे. त्यावरचा बचावही ऐकण्यासारखा होता: अर्ज देशांनीच केले होते, आणि देशाची निवड देशाकडे असली पाहिजे. परंतु ज्या देशाला महाग औषधासाठी पैसा मिळेल की नाही याची खात्री नाही तो स्वस्त औषधच मागणार, आणि त्या मागणीला स्वतंत्र निवड म्हणणे हे सत्याला धरून नाही. पुढच्या काही महिन्यांत फंडाने मंजूर झालेला निधी एसीटीकडे वळवण्याची मुभा दिली, आणि ज्या देशांना सल्ला वर्षानुवर्षे पटत नव्हता असे समजले जात होते त्यांनी एकापाठोपाठ एक धोरणे बदलली. अडथळा पटण्याचा नव्हताच.

पैसा आला तेव्हा माल अपुरा पडला. आर्टेमिसिया या वनस्पतीची लागवड, कापणी, अर्क काढणे आणि गोळी बनवणे यांना वर्षाहून अधिक काळ लागतो. २००४-०५ मध्ये मागणी एकदम चढली, कच्च्या मालाचे भाव कडाडले, शेतकऱ्यांनी लागवड वाढवली आणि मग भाव कोसळले. पुढे पुरवठा स्थिरावला त्यात भारतीय उत्पादकांचा, विशेषतः सिप्ला आणि इप्का या मुंबईच्या कंपन्यांचा, मोठा वाटा आहे. एसीटी आफ्रिकेतल्या लहानशा गावापर्यंत पोहोचले त्यात या स्वस्त गोळ्यांचे काम मोठे आहे.

औषधाच्या गुणाइतकीच त्याच्या देण्याची रीत पाहावी लागते, आणि इथे बाहेरच्या सल्लागारांचे हमखास दुर्लक्ष होते. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचे तीन दिवसांत सहा डोस असतात आणि ते स्निग्ध अन्नासोबत घ्यावे लागतात, नाहीतर औषध अंगी लागत नाही. तापाने फणफणलेल्या, काही खायला न मागणाऱ्या मुलाला दूध मिळणारच नसेल तर चाचणीतला ९८ टक्के गुण घरी उरत नाही. आर्टेसुनेट-अमोडायक्विन दिवसातून एकदाच द्यायचे असते, पण त्याने गळून गेल्यासारखे वाटते. घानाने २००४ मध्ये याच मिश्रणाची निवड केली. २००५ मध्ये देशातच तयार झालेल्या, अमोडायक्विनचे प्रमाण जास्त असलेल्या गोळ्या बाजारात आल्या. लोकांना त्रास झाला, वृत्तपत्रांनी बातम्या दिल्या आणि सर्वच एसीटीवरचा विश्वास डळमळला. सरकारला मात्रा सुधारून आणि पर्यायी औषधे जोडून तो परत मिळवावा लागला. धोरण निवडताना एक गोळी किती मिलिग्रॅमची असेल हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याकडे दुर्लक्ष झाले तर अख्खे धोरण धोक्यात येते.

शिवाय एकच औषध दोन कामांना लावता येत नाही. गरोदर स्त्रियांना हिवतापापासून वाचवण्यासाठी आफ्रिकेत ठरावीक अंतराने एसपी दिले जाते, आणि साहेल पट्ट्यातल्या मुलांना पावसाळ्यात एसपी व अमोडायक्विन प्रतिबंधासाठी देतात. ज्या भागात मुले हे घेत आहेत तिथे आजारी पडलेल्याला पुन्हा अमोडायक्विनचेच मिश्रण देणे योग्य नाही. प्रतिबंध आणि उपचार यांची कागदपत्रे वेगळ्या विभागांत तयार होतात, आणि दोन्ही एकाच टेबलावर ठेवून पाहणारा माणूस अनेक मंत्रालयांत नसतो. असा माणूस उभा करणे ही मदतीची उत्तम रीत आहे.

भारताचे उदाहरण वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. इतक्या मोठ्या देशाला एकच धोरण पुरते का? १९८२ मध्ये पहिले राष्ट्रीय औषध धोरण आले. तापाच्या प्रत्येक रुग्णाला रक्त घेऊन लगेच क्लोरोक्विन द्यायचे, ज्याला हिवताप विभाग ‘गृहीत उपचार’ म्हणत असे, आणि काचेवर परजीवी निघाला तर ‘समूळ उपचार’, अशी रीत होती. २००५ पासून क्लोरोक्विन-रोध असलेल्या भागांत फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट आणि एसपी सुरू झाले, २०१० मध्ये ते देशभर लागू झाले. ईशान्येकडच्या राज्यांत मात्र पाठपुराव्यात एसपीचे अपयश वाढलेले दिसले, म्हणून २०१३ मध्ये फक्त त्या राज्यांसाठी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ठरवण्यात आले. एका देशात दोन धोरणे चालवणे प्रशासनाला जड जाते: खरेदी दोन, प्रशिक्षण दोन, सीमेवरच्या जिल्ह्यात गोंधळ. तरीही मोजमापांना मान देऊन ते केले गेले, आणि हे धाडस जितके वाखाणले जायला हवे तितके वाखाणले गेलेले नाही.

याच धोरणाचे शेवटचे टोक गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात दिसते. जंगलातल्या गावात प्रयोगशाळा नसते. आशा कार्यकर्ती बोटातून थेंबभर रक्त घेऊन जलद चाचणीची पट्टी पाहते आणि फाल्सिपेरम निघाल्यास वयाप्रमाणे रंग ठरवलेले पाकीट काढते: तान्ह्या बाळाला गुलाबी, एक ते चार वर्षांना पिवळे, पाच ते आठला हिरवे, नऊ ते चौदाला लाल, त्यापुढे पांढरे. मात्रेचा हिशेब तिला करावा लागत नाही, तो रंगात आहे. औषधशास्त्रातला मोठा निर्णय इतका सोपा करून ठेवणारी माणसे धोरण समितीत बसलेल्यांइतकीच महत्त्वाची आहेत. व्हायव्हॅक्सवरची प्रायमाक्विनची चौदा दिवसांची मात्रा मात्र तितकी सोपी झालेली नाही. ताप तीन दिवसांत जातो, उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या डब्यात राहतात आणि यकृतातला परजीवी काही महिन्यांनी परत उठतो. एकाच मात्रेचे टॅफेनोक्विन त्यावर उपाय आहे, पण ‘जी-सिक्स-पीडी’ हे विकर कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी त्याने फुटतात, म्हणून आधी मोजून पाहणारी चाचणी लागते. ब्राझीलने २०२३ मध्ये चाचणी आणि औषध यांची जोडी एकत्रच स्वीकारली. तिथे औषध निवडणे म्हणजे चाचणीचे यंत्र गावात पोहोचवणे ठरले.

गंभीर हिवतापात निवड सोपी होती आणि तरीही तिला वेळ लागला. आशियातल्या चार देशांत, त्यांत भारतही होता, १,४६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्विनाइनने २२ टक्के मृत्यू तर आर्टेसुनेटच्या इंजेक्शनने १५ टक्के, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. आफ्रिकी मुलांना हे लागू होईल का, अशी शंका आली, आणि ती रास्त होती. नऊ देशांतल्या ५,४२५ मुलांवरची चाचणी २०१० मध्ये संपली: १०.९ टक्क्यांऐवजी ८.५ टक्के. स्वतःच्या मुलांवरचा पुरावा मागणे हा देशांचा हक्क आहे. मात्र तो मागायचा तर लगेच मिळवण्याची व्यवस्थाही हवी, कारण मधल्या पाच वर्षांत क्विनाइनच चालू राहिले.

सध्याची कसोटी आर्टेमिसिनिनची आहे. २००८-०९ मध्ये पश्चिम कंबोडियात परजीवी रक्तातून जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो असे दिसले, आणि २०१४ मध्ये त्यामागचा केल्च-१३ या जनुकातला बदल सापडला. कंबोडियाने डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विन स्वीकारले, ते निकामी होऊ लागले, आणि मग तो देश पुन्हा मेफ्लोक्विनच्या मिश्रणाकडे परतला. दरम्यान परजीवी मेफ्लोक्विनला पुन्हा दाद देऊ लागले होते. हे मागे वळणे वेळेवर जमले, कारण तिथली माणसे आणि प्रयोगशाळा दरवर्षी मोजत होत्या. रवांडात २०१४ च्या रक्तनमुन्यांत असाच बदल होता, पण तो जगासमोर २०२० मध्ये आला. नमुना आणि निष्कर्ष यांच्यातल्या सहा वर्षांत धोरण डोळे झाकून चालले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी मिळून औषध-चाचण्यांचे जे जाळे उभे केले होते, त्यात एका देशाचा आकडा दुसऱ्याला त्याच वर्षी मिळत असे. अशी जाळी देणगीदाराचा प्रकल्प संपला की विरतात. ती कायमच्या पगारावर चालली पाहिजेत.

२०२२ मध्ये युगांडा, रवांडा, इरिट्रिया या देशांतल्या खुणा पाहून जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. एकाच औषधावर अख्ख्या देशाचा भार टाकू नये, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी मिश्रणे द्यावीत, असा त्यातला एक मार्ग आहे. बुर्किना फासोच्या काया जिल्ह्यात तो करून पाहिला गेला: पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि बाकीचे लोक, प्रत्येक गटाला निराळे मिश्रण. तीन औषधे एकत्र देण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत, आणि आर्टेमिसिनिन नसलेले गॅनाप्लासाइड-ल्युमेफॅन्ट्रिन चाचण्यांतून पुढे येत आहे. तोवर साध्या फाल्सिपेरमसाठी शिफारस असलेली मिश्रणे सहाच आहेत, आणि त्या सहांच्या मुळाशी एकच वनस्पती आहे. कोणत्या जिल्ह्याला त्यांतले कोणते आणि किती वर्षे द्यायचे, हे त्या त्या जिल्ह्यातल्या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या रक्ताच्या काचेवरून ठरणार आहे, आणि ती काच वाचायला तिथला प्रशिक्षित तंत्रज्ञ लागणार आहे.